फोनवरून ठेवलेलं नाव

बोरगाव मेघे
१४ सप्टेंबर २०२५

दादा,

राखी परत आली. पाकीट फोडलंही नव्हतंस. वर तुझ्या अक्षरात 'परत' एवढंच. आई म्हणाली, "पोस्टवाल्यानं लिहिलं असंन." तुझ्या शेजारी बसून मी आठ वर्षं अभ्यास केलाय, तुझा 'र' मला ओळखू येणार नाही का.

फोनवर माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, म्हणून हे पत्र बाबांच्या पिशवीतून हिंगणघाटला येतंय. वर मेथी, खाली वांगी, मधे मी. तुझ्या हातात दिल्याशिवाय परत फिरायचं नाही, असं बाबांना बजावलंय. ते म्हणाले, "मी भाजीवाला का पोस्टमन, ते एकदा ठरवा तुमी दोघं." पण पत्रासाठी त्यांनी सदऱ्याचा खिसा आधीच रिकामा करून ठेवलाय, हे मी पाहिलं.

जयूच्या बारशाला सहा महिने होऊन गेले. तुझा राग बरोबर आहे असं मी लिहिणार नाही, कारण तो अर्धाच बरोबर आहे. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं असतं, आणि आत्या चाळीस किलोमीटरवर मागच्या खोलीत लॅपटॉपपुढे बसली होती. काजल वहिनीनं फोन जयूच्या कानाशी धरला. मी तीनदा 'जयवंता' म्हटलं, आपल्या आजीचं नाव. आत्याच्या पाठीत घालायचे बुक्के तुमच्या शेजारच्या कमलाबाईंनी खाल्ले. बायका हसत होत्या. मग तुझा आवाज आला, "माह्या पोरीच्या कानात आता कंपनी बोलते का? कोनती एवढी साहेबीन झाली ते?" फोन कोणी बंदच केला नव्हता. मी सगळं ऐकलं.

तेव्हा तुला जे कळवलं तेच आज लिहिते. मॅडमनी सुट्टी दिली नाही.

ही मॅडम कोण, हे काम कसलं, ते तू कधी विचारलंच नाहीस. तू तुझ्या मिलच्या ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाकलास, मी नको म्हटलं आणि हे 'कानात बुचं घालून बसायचं काम' धरलं, एवढंच तुझ्या लक्षात आहे. तर वाच. कोचीच्या एका संस्थेनं समुद्रात खोल पाण्याखाली यंत्रं सोडली आहेत. ती सारखी आवाज टिपत असतात. ते आवाज माझ्याकडे येतात आणि मी ऐकून खुणा करते, की ही बोट, हा पाऊस, हा देवमासा. मोठ्या देवमाशाचा आवाज इतका खालचा असतो की माणसाच्या कानाला तो लागतच नाही, आम्ही तो दहापट वेगानं चालवून ऐकतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी तो परत परत लावला, दादा. समुद्र मी अजून पाहिलेला नाही. इथे मागे बाबांची पाण्याची मोटर चालू, पुढे आई "सुरभी, दुधाकडं पाहाजो" म्हणून सांगतेय, आणि माझ्या कानात एक जीव शेकडो किलोमीटरवरच्या दुसऱ्या जिवाला काहीतरी म्हणतोय. म्हणतो आणि थांबतो. परत म्हणतो. त्याला उत्तर आलेलं मी आजवर दोनदाच ऐकलं, आणि दोन्ही वेळा मला रडू आलं.

ॲनम्मा मॅडम सहासष्ट वर्षांच्या आहेत. त्यांचा चेहरा मी पाहिलेला नाही. माझा मात्र दर दहा मिनिटांनी फोटो निघतो, खुर्चीवर आहे की नाही हे बघायला. सकाळी सहा ते दुपारी दोन. फोन उलटा ठेवायचा. प्रत्येक फाइल तीनदा ऐकायची. चुकलं तर फाइल परत येते आणि खाली एकच शब्द असतो, 'ऐका'. एकदा त्यांनी विचारलं, अकराव्या मिनिटाला तुम्ही काय करत होता? मी चहाचा कप उचलला होता. तेवढ्यात एक हाक निसटली होती आणि त्यांनी ती तिकडे बसून पकडली. मला राग आला होता, पण मी जागेवरून उठून हात जोडले होते, तोही फोटो निघाला असेल.

शेवटी एक. जयू फार शांत आहे, कुकरच्या शिट्टीनंही उठत नाही, असं वहिनी आईला कौतुकानं सांगते. एकदा तिच्या मागे उभा राहून टाळी वाजवून बघशील का? सहज लिहिते.

सुरभी


बोरगाव मेघे
२३ सप्टेंबर २०२५

दादा,

बाबांनी सगळं सांगितलं. तू पत्र फाटकातच उभ्यानं वाचलंस, घडी घातलीस, आणि म्हणालास, "तिले म्हना, मासे मोज." पण वाचलंस. माझ्यासाठी तेवढंही पुष्कळ होतं. टाळी मात्र वाजवली नाहीस.

आता सहज लिहिते असं म्हणणार नाही. घाबरून लिहितेय.

वहिनी आईला जयूचे व्हिडिओ पाठवते, हे तुला माहीत नसेल तर तिच्यावर चिडू नकोस. आई ते जेवताना बघते, मी डोळे मिटून ऐकते. सवयच तशी लागली आहे. जूनपासूनचे सगळे व्हिडिओ मी एका रांगेत लावले आणि मॅडमच्या शिस्तीनं प्रत्येक तीनदा ऐकला. आपल्या शेजारच्या उज्वलाचा मुलगा जयूहून पंधरा दिवसांनी लहान आहे. त्याचं आता "बा-बा-बा, द-द-द" दिवसभर चालतं, उज्वला म्हणते डोकं उठलं. जयूच्या आवाजात 'ब' नाही, 'द' नाही. ती 'आ' काढते, लांब 'ऊ' काढते, आणि ऑगस्टपासून तेही कमी होत चाललंय. मूल बोलतं ते स्वतःचं बोलणं कानावर पडतं म्हणून. आपला आवाज आपल्यालाच आला नाही तर ते हळूहळू सोडून देतं.

दादा, जयूला ऐकू येत नसावं.

मी डॉक्टर नाही. माझी चूक निघाली तर जन्मभर चिडव, मी ऐकून घेईन. पण हे लवकर कळलं तर करता येण्यासारखं खूप असतं, आणि उशीर झाला की दर महिन्याला थोडं थोडं हातचं जातं. म्हणून तुझ्या रागाची पर्वा न करता लिहिलं.

तू म्हणशील, घरी बसून पोरगी रिकामी झाली, आता डॉक्टरकी करते. घरी बसण्याचं सांगते तुला. आईच्या हातचा गरम भात मिळतो, नागपूरच्या बसची धक्काबुक्की नाही, बाबांच्या वाडीतली भेंडी तोडून झाली की हात धुऊन कामाला बसते. हे सुख खरं आहे, मी नाकारत नाही. पण दारात आलेल्या माणसाला मी दिसते आणि भेटत नाही. मावशी आली, अर्धा तास बसली, गेली. जाताना म्हणाली, "घरीच तं होती, बाहेर येऊन दोन शब्द बोलली असती तं काय झालं असतं?" तिला काय सांगू. सहा ते दोन मी घरात नसतेच, पाण्याखाली असते. आणि दोननंतर वर यायला मला वेळ लागतो. आई बोलत असते आणि मी तिच्यामागचा पंखा ऐकत असते.

जयूला दाखव. मला शिव्या दे, पण तिला दाखव.

सुरभी


बोरगाव मेघे
५ ऑक्टोबर २०२५

दादा,

तू बाबांना फोन केलास आणि बाबांनी तो सर्वांना ऐकू येईल असा लावला. मुद्दाम नाही, त्यांना दुसरं बटण सापडत नाही. "माही पोरगी चांगली हाये. मी सोता मागं उभा राहून ताट आपटलं, तिनं झटकन मान वळवली. सगळ्यायनं पाह्यलं. आता त्या सुरभीले सांगा, अशुभ बोलून राह्यली काऊन?" आईनं देवाला हात जोडले. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "झालं ना व समाधान?" मीही हो म्हटलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

मग वहिनीनं त्या ताटाचा व्हिडिओ आईला पाठवला.

तो मी आधी ऐकला, मग पाहिला, मग आवाज बंद करून पाहिला. जयू फरशीवर सतरंजीवर पालथी आहे. तू मागे आहेस. ताट तू हवेत वाजवलं नाहीस, फरशीवर आपटलंस. तिनं मान वळवली, खरं आहे. पण कुठे वळवली ते बघ. तुझ्याकडे नाही. ती फरशीकडे बघते. मग तळहात पसरून फरशीवर ठेवते आणि तसाच ठेवून वाट बघते, पुन्हा होईल का म्हणून.

सात महिन्यांचं मूल, त्याला कोणी काही शिकवलं नाही, आणि त्यानं शोधून काढलंय की जग जमिनीतून येतं. भीती वाटायला हवी होती. वाटली, पण आधी आश्चर्यानं ऊर भरून आला. एवढीशी ती, दादा, आणि सगळं एकटीनं शोधलं.

ही चूक मला का कळली, तेही सांगते. कामाच्या पहिल्या महिन्यात एका यंत्रावर जाड, घुमणारे ठोके येत होते. माझ्यासारख्या घरून ऐकणाऱ्या आम्ही तिघींनी देवमासा म्हणून खुणा केल्या, आनंदानं आपापल्या घरी मिठाईसुद्धा वाटली. मॅडमनी सगळं परत पाठवलं. यंत्र जिला बांधलं होतं ती साखळी तळाच्या खडकावर आपटत होती. आवाज पाण्यातून नाही, दगडातून येत होता. महिन्याचं काम पुन्हा करायला लावलं. मी मनात त्यांना काय काय म्हटलं ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, आवाज आला एवढं लिहू नका, कशातून आला ते लिहा. ते एक वाक्य आज जयूच्या कामी आलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

मॅडमनी सुट्टी दिली नाही, हे खोटं आहे. मी मागितलीच नव्हती. मॅडम कडक आहेत, पण मागितली असती तर दिली असती. बारशाच्या आदल्या दिवशी मला एका फाइलमध्ये हाक सापडली होती आणि बऱ्याच वेळानं, फार लांबून, दुसरी. पहिल्यांदाच सापडलेलं उत्तर. पुढच्या फाइली दुसऱ्या दिवशी उघडणार होत्या. मला ते दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून मी ठरवलं की नाव काय, फोनवरूनही सांगता येतं. नोकरीवर ढकललं की कोणी पुढे विचारत नाही, हे मला माहीत होतं. घरबसल्या काम करणाऱ्याला तो एक मोठा फायदा असतो. साहेब कोणी पाहिलेला नसतो, त्याच्या नावावर काहीही खपतं.

आणि याहून वाईट पुढे आहे. फोन जयूच्या कानाशी होता, म्हणजे तिचा श्वास माझ्या कानाशी होता. बायकांनी हसून टाळ्या पिटल्या, कोणीतरी ताटली वाजवली, कमलाबाई "अगं बाई" म्हणून ओरडल्या. बारा दिवसांचं मूल एवढ्यानं दचकतं, श्वास अडखळतो. तिचा अडखळला नाही. एकसारखा चालला. मला ते जाणवलं, दादा. मी ऐकलं आणि मनात म्हटलं, किती शहाणी पोर आहे. आणि दुसरा कान समुद्राकडे लावला. जो कान मी भाड्यानं दिलाय तो जागा होता, आणि घरचा झोपला. ते सात महिने माझ्यावर आहेत. तू मला बारशासाठी माफ केलंस तरी यासाठी करू नकोस.

मंगळवारी, १४ तारखेला, वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात लहान मुलांच्या कानांची तपासणी असते. बाळ झोपलेलं असताना यंत्र लावून बघतात, त्याला दुखत नाही. मी नाव नोंदवलंय, जयवंता रजत म्हणून, तुझं नाव लावून. मॅडमकडे त्या दिवसाची सुट्टी मागितली. दीड वर्षात पहिल्यांदा. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं, त्या म्हणाल्या, जा. एवढंच. मार्चमध्येही एवढंच झालं असतं.

मी आठ वाजल्यापासून दवाखान्याच्या फाटकाशी उभी असेन. तू नाही आलास तरी उभी असेन.

सुरभी


बोरगाव मेघे
१७ ऑक्टोबर २०२५

दादा,

बाकावर आपण दोन तास शेजारी बसलो आणि तू एकच वाक्य बोललास, "चहा घेतं का?" मी हो म्हटलं, तू आणलास, साखर कमी होती, मला लागते तशी. मग डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. निघताना तू गाडीची किल्ली फिरवत म्हणालास, "जे सांगाचं असंन ते लिहून पाठवजो. बोलनं मले जमत नाई, वाचलेलं समजते." म्हणून लिहिते.

तिथे डोकं चालत नव्हतं, तुझंही नसेल, म्हणून परत मांडते. दोन्ही कान. फार मोठा आणि फार खालचा आवाज तेवढा थोडासा पोचतो. दोन्ही कानांना यंत्रं लगेच लावायची. वर्षाची झाल्यावर ऑपरेशनचं बघायचं. आणि यंत्र असो की ऑपरेशन, रोज कोणीतरी समोर बसून तिच्याशी बोललं पाहिजे, तासन्‌तास, तेच तेच, कंटाळा न करता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून वेळ गेलेली नाही. हे त्यांनी दोनदा म्हटलं, वहिनीला ऐकूच आलं नव्हतं पहिल्यांदा. ती तेव्हा जयूचं झबलं घट्ट धरून बसली होती. तिला सांग, हे तिच्या कशानंही झालेलं नाही.

तुझी मिलची पाळी. वहिनी एकटी. मी विचार केला आणि काल मॅडमना फोन लावला. म्हटलं, मला हिंगणघाटला जाऊन राहायचंय, काम तिथून करीन, पण दोननंतर मला कोणी हाक मारायची नाही, मी नसेन. कामावरून काढतील असंच वाटत होतं. त्या म्हणाल्या, फाइली आहेत तेवढ्याच येतील, एकही कमी होणार नाही, आणि तीनदा ऐकणंही सुटणार नाही. मी हो म्हटलं. मग त्यांनी जयूच्या तपासणीचा कागद मागितला.

आज सकाळी त्यांचं उत्तर आलं. दोन पानं, दादा. ज्या बाईनं मला कधी एका शब्दापलीकडे लिहिलं नाही, तिनं रात्र घालवून त्या कागदावरचा आलेख वाचला आणि जयूपर्यंत काय काय पोचू शकेल ते काढून दिलं. ट्रॅक्टर जवळून गेला तर. ढोल. दार आपटलं तर. छातीशी धरून जाड आवाजात गुणगुणलं तर, तेही कानानं नाही, हाडातून. खाली लिहिलंय, तिला काय ऐकू येत नाही याची यादी करू नका, काय पोचतं त्याची वही करा, रोज, तारखेनं. मी ती पानं आईला वाचून दाखवली. आई म्हणाली, "कोन व ही बाई? एवढं तं आपल्या घरचं कोनी करत नाई." दीड वर्ष मी जिच्या धाकात बसले, तिच्या ऐकण्याला पलीकडचा काठच नाही, हे मला आज कळलं.

बाबा म्हणतात, पोरगी गेली तर भेंडी कोण तोडणार. मग स्वतःच म्हणाले, "तोडीन मी. जाजो. तिच्यासंगं बोल, मले काई तिच्यासंगं बोलता येत नाई असं नको व्हायले." ते वाडीत गेले, आणि बराच वेळ मोटर चालू करायची विसरले.

तू अजून हो म्हटलेलं नाहीस, माहीत आहे. तू नाही म्हणालास तर कमलाबाईंकडे खोली आहे, वहिनीनं विचारून ठेवलंय. तुझ्या घरी राहायलाच हवं असं नाही, तिच्याजवळ राहायचंय. दुपारी दोनपासून दिवेलागणीपर्यंत तेवढी दे मला.

रविवारी सकाळच्या गाडीनं निघते. आल्या आल्या तिला उचलणार नाही, मागून हाकही मारणार नाही. सतरंजीवर तिच्या समोर मांडी घालून बसेन, माझं तोंड तिला नीट दिसेल अशी, आणि तिला हवं तेवढा वेळ ती माझ्याकडे बघेल.

सुरभी